अरिंदमची एक रात्र : झाडीपट्टीतील नाट्यनिर्माते आणि नाट्यमंडळांना खुले पत्र

प्रति,
झाडीपट्टी रंगभूमीवरील सर्व नाट्यनिर्माते व दिग्दर्शक,
तसेच गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील गावोगावच्या नाट्यमंडळांचे, मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) व शंकरपट (बैलांची शर्यत) समित्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सव्वीस वर्षे पूर्व विदर्भातल्या आपल्या या रंगभूमीवर नट म्हणून काम करतो आहे. पहिली बारा वर्षे नायकाच्या भूमिका केल्या, पुढे खलनायक केले आणि आता बापाच्या, पाटलाच्या, म्हाताऱ्या मास्तराच्या चरित्रभूमिका करतो. आपल्यापैकी बहुतेकांशी माझा व्यवहाराचा आणि घरोब्याचा संबंध आहे, त्यामुळे जे सांगायचे ते आपल्या नाटक कंपन्यांच्या गावात, वडशाच्या चौकात चहा घेतानाही सांगता आले असते. तरीही हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण त्यातली मागणी कुणा एका कंपनीकडे नसून आपणा सर्वांकडे मिळून आहे, आणि ती एका सिनेमाबद्दल आहे.

गेल्या हंगामात अवकाळी पावसाने लागोपाठ दोन गावांचे प्रयोग बुडाले. धानाच्या बांधीत उभारलेला मंडप वाऱ्याने वाकला, प्रेक्षकांसाठी अंथरलेले तणस भिजून काळे पडले, आणि आम्ही सात-आठ जण वडशातल्या भाड्याच्या खोलीत अडकून पडलो. आमच्या कंपनीत तबल्याला बसणारा मुलगा मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली वस्तीतला आहे. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या ज्या कुटुंबांना सरकारने आपल्या या जंगलपट्टीत वसवले, त्यांपैकी एका घरातला तो नातू. त्या रात्री त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, ‘‘दादा, माह्या आजीच्या तोंडी ज्याचं नाव होतं ना, त्याचा सिनेमा दाखवतो.’’ तो सिनेमा म्हणजे सत्यजित राय यांचा १९६६ सालचा ‘नायक’, आणि आजीच्या तोंडचे ते नाव म्हणजे उत्तमकुमार. आम्हांला बंगाली येत नाही. तो मुलगा दर चार वाक्यांनी चित्र थांबवून आम्हांला झाडीबोलीत अर्थ सांगत गेला, म्हणून दोन तासांचा सिनेमा संपायला पहाट झाली. आपले नाटकही पहाटेपर्यंतच चालते, त्यामुळे कुणाला झोप आली नाही. त्यानंतर मी तो आणखी चार वेळा पाहिला आहे.

कथा थोडक्यात सांगतो. अरिंदम मुखर्जी हा बंगाली सिनेमातला सर्वांत लोकप्रिय नट. दिल्लीला एक पुरस्कार घ्यायला निघालेला असताना विमानाचे तिकीट मिळत नाही, म्हणून तो कलकत्त्याहून रेल्वेने जातो. त्याच दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याने केलेल्या एका मारामारीची बातमी छापून आलेली आहे आणि त्याचा नवा सिनेमा पडणार अशी कुजबुज आहे. गाडीत त्याला अदिती भेटते. ती स्त्रियांसाठी एक मासिक चालवते आणि मासिकाचा खप वाढावा म्हणून, मनातून फारशी इच्छा नसतानाही, त्याची मुलाखत घ्यायचे ठरवते. जेवणाच्या डब्यात दोघे समोरासमोर बसतात. तो बोलू लागतो, ती त्याच्या नकळत टिपून घेते, आणि रात्र सरते तसा त्याचा सगळा भूतकाळ आपल्यासमोर येतो. सकाळी दिल्ली येते आणि सिनेमा संपतो. एवढीच गोष्ट आहे. मारामारी आहे ती मुख्यतः बातमीत. प्रेमप्रकरण जुळता जुळता जुळत नाही. आणि गाण्यावर नाच तर मुळीच नाही.

अशा गोष्टीला मी मोठ्या हिमतीची का म्हणतो, ते आपल्याला समजेल, कारण आपण सारे प्रेक्षकाला आठ-आठ तास जागेवर बसवून ठेवण्याचा धंदा करतो. आगगाडीच्या डब्यात माणसाला चार पावले चालायलाही जागा नसते. राय यांनी तो डबा स्टुडिओत उभा करवला. बन्सी चंद्रगुप्त यांनी बांधलेला तो डबा आणि सुब्रत मित्र यांचे छायाचित्रण इतके खरे आहे की तो सेट आहे हे मला कळले तेव्हा मी पुन्हा मागे जाऊन खिडक्या पाहिल्या. त्या चिंचोळ्या जागेत एक नट बसून बोलतो, एक बाई ऐकते, काचेबाहेर शेते पळतात, आणि तरीही आपल्याला हलावेसे वाटत नाही. दुसरी हिंमत याहून मोठी. त्या काळी बंगालमध्ये उत्तमकुमारपेक्षा लोकप्रिय नट नव्हता. अशा माणसाला घेऊन त्याच्याच लोकप्रियतेच्या आत शिरणारा सिनेमा करायचा, त्याची भीती, त्याचा हलकेपणा, त्याने तोडलेली माणसे, हे सगळे त्याच्याच चेहऱ्यावर दाखवायचे, आणि त्या नटानेही ते करायला होकार द्यायचा, यात दोघांचीही परीक्षा होती. बर्लिनच्या महोत्सवात त्या सिनेमाची त्याच वर्षी खास दखल घेतली गेली. गेल्या काही वर्षांत त्याची प्रत नव्याने स्वच्छ करून तो पुन्हा चित्रपटगृहांत लावला गेला, तेव्हा साठ वर्षांपूर्वीच्या या सिनेमाला आजही प्रेक्षक आहे.

सिनेमाच्या सुरुवातीला नायकाचा चेहरा दिसत नाही. मागून डोके दिसते, केसांतून फिरणारा कंगवा दिसतो. प्रवेशाआधी आरशासमोर बसलेल्या नटाला मी मागून हजारदा पाहिले आहे, आणि स्वतः तसा बसलो आहे. आपल्याकडे कापडाच्या आडोशामागे एकाच आरशात तिघे जण तोंड रंगवतात. तिथे तर चकचकीत घर आहे. पण मानेचा तो ताठपणा एकच. प्रेक्षक समोर नसतानाही नट प्रेक्षकासाठी बसलेला असतो. राय यांनी एक शब्द न बोलता तो माणूस आणि त्याची प्रसिद्धी यांच्यातले अंतर पहिल्याच चित्रात सांगून टाकले आहे.

उत्तमकुमारच्या कामाबद्दल नट म्हणून थोडे लिहितो, कारण आमची खरी शाळा तिथे झाली. या भूमिकेत नटाला नटाचे सोंग आणायचे आहे, म्हणजे प्रवाशांसमोर वावरणारा अरिंदम हीसुद्धा एक भूमिकाच आहे. सही देताना, आजारी मुलीकडे पाहून हसताना, सिनेमावर तोंडसुख घेणाऱ्या म्हाताऱ्याशी अदबीने बोलताना त्याचे हसू मोजून मापून येते आणि नेमके वेळेवर थांबते. नंतर अदितीसमोर बोलताना तेच हसू अर्ध्यावर विरते. त्या दोन हसण्यांतला फरक ओठांत नाही, गालांतही नाही. तो डोळ्यांच्या खालच्या पापणीत आहे. आमच्या तबलेवाल्याने मला तो प्रसंग सहा वेळा मागे घेऊन दाखवला. काळा चष्मा तो केव्हा लावतो आणि केव्हा काढतो, एवढेच पाहत राहिले तरी त्याच्या मनाचा सगळा आलेख हाती येतो. समोर शर्मिला टागोर जाड काड्यांचा चष्मा लावून बसलेली आहे, पण तो नीट दिसावे म्हणून लावलेला चष्मा आहे. शर्मिलाबाईंनी या भूमिकेत जे केले आहे ते आपल्या नट्यांनी मुद्दाम पाहावे. त्या ऐकतात. दुसऱ्याचे वाक्य चालू असताना ऐकणे हेही काम आहे, हे आपल्या मंचावर आपण पार विसरून गेलो आहोत. माझे वाक्य संपेपर्यंत समोरचा नट माईकची जागा शोधत असतो, आणि त्याच्या वाक्याच्या वेळी मी.

आता मुकुंद लाहिरीकडे येतो. खरे तर या पत्राचे कारणच तो आहे. अरिंदम रंगभूमीवरून सिनेमात येतो तेव्हा त्याच्या पहिल्याच चित्रीकरणात समोर मुकुंद लाहिरी हा जुना, दबदब्याचा नट असतो. अरिंदम साध्या, बोलल्यासारख्या आवाजात वाक्य म्हणतो. लाहिरी सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा करतो आणि असले परदेशी पद्धतीचे बोलणे इथे चालणार नाही, आवाज चढला पाहिजे, असे सुनावतो. नवखा अरिंदम गोंधळतो आणि त्याचे काम बिघडते. वर्षे जातात, काळ अरिंदमच्या बाजूने फिरतो, लाहिरीची पद्धत जुनी ठरते. एका रात्री तोच लाहिरी, खंगलेला, खोकत, अरिंदमच्या घरी येऊन एखादी लहानशी भूमिका मागतो. अरिंदमला जुना अपमान आठवत असतो. तो काहीच करत नाही.

तिथे मी तबलेवाल्याला चित्र थांबवायला सांगितले आणि खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो. माझ्या दुसऱ्या हंगामात एका ज्येष्ठ नटाने भर तालमीत मला म्हटले होते, ‘‘तुहा आवाज बांधीच्या धुऱ्यापर्यंत तरी जाईल का रे?’’ सगळे हसले होते. ते दंडार या लोकनाट्यातून आलेले, माईक नसतानाच्या काळात रात्रभर गाणारे, बेंबीपासून श्वास घेणारे नट होते. श्वास कसा साठवायचा आणि वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत कसा पुरवायचा, हे नंतर त्यांनीच मला शिकवले. पण माझ्या लक्षात राहिले ते सगळ्यांचे हसणे. पुढे मी नायक झालो. माझा फोटो पत्रकाच्या मधोमध, सर्वांत मोठा छापून येऊ लागला. एका दिवाळीआधी ते कापडी पिशवी घेऊन माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, ‘‘निर्मात्याच्या कानावर घाल, बापाची भूमिका असेल तर मी करतो.’’ मी दाढी करत होतो. आरशातच पाहत मी ‘‘पाहतो’’ म्हणालो. निर्मात्याशी मी बोललो नाही. त्या हंगामात त्यांना काम मिळाले नाही, आणि पुढच्या हंगामात ते एका कंपनीत पडदा ओढताना दिसले. मला पाहून त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. आज ते हयात नाहीत. बापाच्या ज्या भूमिका त्यांनी मागितल्या होत्या, त्या आता मी करतो.

ही कबुली मी इतक्या वर्षांत कुणाजवळ दिली नव्हती. ‘नायक’ पाहिला नसता तर आजही दिली नसती. अरिंदमला या गोष्टीबद्दल शिक्षा होत नाही, लाहिरीचा शाप त्याला लागत नाही, आणि अदितीही त्याला दोष देत नाही. तो फक्त ते सांगतो आणि गाडी पुढे जात राहते. आपल्या नाटकात असा प्रसंग आला असता तर तिसऱ्या अंकात लाहिरीच्या चितेपाशी अरिंदमने ऊर बडवून क्षमा मागितली असती आणि ऑर्गनवर भैरवी वाजली असती. मी स्वतः असे प्रवेश गाजवले आहेत आणि त्यांना आपल्या प्रेक्षकांनी डोळ्यांतून पाणी काढून दाद दिली आहे, म्हणून त्यांना कमी लेखण्याचा माझा विचार नाही. पण त्या क्षमेने मंचावरचा माणूस मोकळा होतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही. राय यांनी आम्हांला मोकळे केले नाही.

लाहिरीवर हा सिनेमा अन्यायही करत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. चढ्या आवाजाचा अभिनय वाईट आणि हळू आवाजाचा चांगला, असा ढोबळ निवाडा करणारे लोक झाडीपट्टीकडे नाक मुरडून पाहतात. ज्याच्यासमोर चार-पाच हजार माणसे थंडीत घोंगडी पांघरून बसलेली आहेत, मंचावर वरून लोंबणारे चार माईक आहेत आणि शेजारच्या गावातल्या नाटकाचा भोंगाही ऐकू येतो आहे, त्या नटाला आवाज चढवावाच लागतो. लाहिरीचा आवाज त्याच्या काळाच्या गरजेतून आला होता. त्याची चूक आवाजात नव्हती, समोरच्या पोराला तोंडघशी पाडण्यात होती.

अरिंदमचे दुसरे ओझे म्हणजे शंकरदा. मोहल्ल्यातल्या नाटकमंडळीचा हा गुरू अरिंदमला सिनेमात जाऊ नको म्हणून बजावतो. सिनेमातला नट म्हणजे दिग्दर्शक, कॅमेरावाला आणि संकलन करणारा यांच्या हातातली बाहुली, असे त्याचे म्हणणे. तो दुर्गापूजेच्या दिवसांतच मरण पावतो, आणि त्याच्या जळत्या चितेपाशी उभा राहून अरिंदम ठरवतो की आयुष्य एकच आहे, दुसरी संधी नाही, तेव्हा जायचे. शंकरदाचे म्हणणे ऐकून आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. रंगभूमीवरच्या माणसाला ते पटणारच. मला मात्र ते पुरते पटत नाही. आपल्या मंचावर तरी नट कुठे मोकळा आहे? नाटकाच्या मध्ये कोणते नृत्य घालायचे, ते गावची मागणी ठरवते. प्रवेश किती लांबवायचा, ते पहाट व्हायला किती वेळ आहे त्यावर ठरते. आणि नायक कोण, ते तिकीटविक्री ठरवते. दोरी आपल्याकडेही आहे, धरणारे हात वेगळे आहेत. शंकरदाचे जे खरे आहे ते दुसरेच. प्रयोग संपल्यावर आम्ही गावातल्या कुणाच्या तरी घरी जेवायला बसतो, आणि घरची म्हातारी वाढता वाढता म्हणते, ‘‘बापू, त्या पोरीले तू लय छळलं रे रात्री.’’ अरिंदमला ही म्हातारी कधीच भेटत नाही. त्याच्याभोवती गर्दी आहे, सह्या मागणारे आहेत, त्याला घाबरणारे निर्माते आहेत. पण रात्रीच्या कामाबद्दल ताटावर बसवून बोलणारे कुणी नाही. म्हणूनच गाडीतली एक अनोळखी बाई त्याला इतकी जवळची वाटते.

एका गोष्टीत मात्र सिनेमा मला कमी वाटला, तेही लिहायला हवे. गाडीतल्या इतर प्रवाशांच्या, विशेषतः जाहिरातीच्या धंद्यातला माणूस आणि त्याची बायको यांच्या उपकथा अरिंदमच्या कथेशेजारी फिक्या पडतात. त्या का घातल्या ते कळते. विकणे आणि विकले जाणे सगळीकडेच चालू आहे, हे त्यांतून दाखवायचे आहे. पण दरवेळी त्या डब्यात गेल्यावर मला जेवणाच्या डब्यात परतण्याची घाई झाली.

आता आपल्याशी थेट बोलतो. गेल्या काही वर्षांत आपल्या पत्रकांवर ‘सुप्रसिद्ध सिनेकलावंत’ आणि ‘टीव्ही मालिकेतील लाडकी नायिका’ यांचे फोटो मधोमध येऊ लागले आहेत. भोंग्यावर त्यांचे नाव पुकारले की तिकिटे आधी संपतात, हे मी जाणतो. त्या कलावंतांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांतल्या काहींनी आमच्याबरोबर थंडीत, उघड्यावर, मनापासून कामे केली आहेत. प्रसिद्धीची ओढ आपल्याला आजच लागलेली नाही. मुंबई-पुण्याच्या नाटकांच्या घोषणेत सगळ्यांत शेवटी ‘आणि डॉ. काशिनाथ घाणेकर’ असे पुकारले जाई, तेव्हा त्या ‘आणि’वरच शिट्ट्या पडत, त्या घाणेकरांनी शेवटचा श्वास १९८६ साली आपल्या विदर्भातच, अमरावतीत घेतला. माझा प्रश्न एवढाच आहे की त्या ‘आणि’च्या अलीकडे ज्यांची नावे असत, त्यांचे आपण काय करतो? आपल्या पत्रकांवर हल्ली प्रॉम्प्टरचे नाव नसते. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांची नावे कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. एके काळी मधोमध असलेला नट हळूहळू कडेला सरकतो आणि एका हंगामात पत्रकाबाहेर जातो, आणि ते त्याला कंपनीकडून कळत नाही, छापून आलेले पत्रक पाहून कळते. ते मलाही दोन वर्षांत कळेल, याची तयारी मी केली आहे. २०२३ साली आपले ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी गुलाल उधळला. तो सन्मान आयुष्यभर मातीत उभे राहून केलेल्या कामाचा होता, एका हंगामाच्या गर्दीचा नव्हता.

नाट्यमंडळांच्या पदाधिकाऱ्यांना सिनेमातला बीरेशचा प्रसंग मुद्दाम दाखवावासा वाटतो. हा अरिंदमचा जुना मित्र, कामगारांच्या चळवळीतला. तो त्याला गाडीत घालून संपावर बसलेल्या कामगारांकडे नेतो आणि दोन शब्द बोल म्हणून विनवतो. आपली प्रतिमा बिघडेल या भीतीने अरिंदम गाडीतून उतरतसुद्धा नाही. आपल्या गावांत नाटकाच्या तिकिटांतून शाळेची खोली उभी राहिली आहे, देवळाचे छत झाले आहे, कुणाच्या उपचाराला मदत झाली आहे. आपल्याकडे नट आणि गाव यांच्यामध्ये गाडीची काच अजून आलेली नाही. पण पाहुणा कलावंत मंचावर येऊन, दोन गाण्यांवर नाचून, त्याच गाडीने रात्रीच नागपूरला परत जातो, तेव्हा ती काच येते. त्याला एक रात्र गावात ठेवून घ्या, जेवायला बसवा, गावच्या हौशी पोरांशी बोलू द्या, एवढे मंडळांच्या हातात आहे.

त्या सिनेमात एक स्वप्न आहे. नोटांच्या टेकड्यांमधून अरिंदम आनंदाने चालत असतो. मग टेलिफोन वाजू लागतात, नोटांतून सांगाड्यांचे हात वर येतात, प्रत्येक हातात फोन, आणि तो नोटांच्या दलदलीत रुतत जातो. शंकरदा दिसतो, अरिंदम त्याला हाक मारतो, पण त्याचा हात मिळत नाही. आमच्यातल्या एका मुलीने, जी लावणीही करते आणि भूमिकाही करते, हे पाहून विचारले, ‘‘दादा, आपल्याले तं एवढ्या नोटा कधी भेटणारच नाहीत, मंग मले भीती का वाटली?’’ मला उत्तर देता आले नाही. नंतर विचार करताना वाटले की रुतायला टेकडीएवढ्या नोटा लागत नाहीत. एका हंगामात शंभर रात्रींची तारीख घेतली, आजारी असतानाही उभे राहिले, कारण जागा सोडली की ती दुसरीला जाईल, म्हणजे गुडघ्यापर्यंत रुतणे झालेच. त्या मुलीने गेल्या हंगामात ताप असताना सलग चार प्रयोग केले. मी त्याच कंपनीत होतो आणि गप्प राहिलो, म्हणून यात मी दोष कुणा एकावर टाकत नाही.

आणि शेवट. रात्री दारूच्या नशेत अरिंदम डब्याचे दार उघडून धावत्या रुळांकडे पाहत उभा राहतो. अदितीला बोलावून घेतो आणि उरलेलेही सांगू लागतो. ती त्याला थांबवते. आणखी सांगायची गरज नाही म्हणते आणि परत जागेवर जायला लावते. ज्या मजकुरावर तिचे मासिक तरले असते, तो मजकूर तिच्या हातात आहे. सकाळी ती ती पाने त्याच्यासमोर फाडून टाकते. तो विचारतो, आठवणीतून लिहिणार का? ती म्हणते, मनात ठेवीन. बंगालीतले ते दोन-तीन शब्द आमच्या तबलेवाल्याने तसेच्या तसे म्हणून दाखवले, आणि त्यांचा अर्थ त्याला सांगावा लागला नाही. पुढे स्टेशनवर हार येतात, गर्दी येते, काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढतो, आणि अदिती गर्दीतून निघून जाते.

माझी मागणी आता स्पष्ट मांडतो. दिवाळीपूर्वी वडशात सगळ्या कंपन्यांच्या तालमी सुरू होतात, तेव्हा शेकडो नट, नट्या, वादक आणि पडद्यामागचे लोक एकाच गावात असतात. भाऊबीजेनंतर मंडई सुरू झाली की मग होळीपर्यंत कुणी कुणाला भेटत नाही. म्हणून तालमीच्या त्या दिवसांत एका संध्याकाळी सगळ्या कंपन्यांनी मिळून ‘नायक’ दाखवावा. आर. डी. बन्सल यांनी निर्मिलेल्या या सिनेमाची हक्कधारकांकडून रीतसर परवानगी घ्यावी, चोरून दाखवू नये. स्वतःच्या संहितेची चोरी झाली की आपण किती चिडतो ते आपल्याला ठाऊक आहे. पडदा आणि ध्वनियंत्रणा आपल्याजवळ आहेच. परवानगीचा आणि पडद्याचा खर्च सगळ्या कंपन्यांत वाटला तर कुणालाही जड जाणार नाही, आणि माझ्या एका प्रयोगाचे मानधन मी त्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवले आहे.

भाषेची अडचण सोडवून ठेवली आहे. तबलेवाला मुलगा आणि मी मिळून पावसाळ्यात सगळे संवाद मराठीत उतरवले आहेत. दोनशे पानी वही भरली आहे. जिथे बंगाली वाक्य मराठीत पोकळ वाटले तिथे आम्ही झाडीबोली वापरली, आणि लाहिरीचे बोलणे तर पूर्णच झाडीबोलीत केले आहे. चित्र चालू असताना बाजूला बसून मी ते वाचून दाखवीन. वाचायला दुसरा आवाजही लागेल, अदितीसाठी, आणि ती लावणी करणारी मुलगी तयार आहे.

ज्या निर्मात्यांची संमती असेल त्यांनी पोळ्यापर्यंत मला कळवावे, म्हणजे परवानगीसाठी पत्रव्यवहार करायला वेळ मिळेल. त्या संध्याकाळी पडदा ओढणाऱ्यांना आणि प्रॉम्प्टरना पुढच्या ओळीत बसवावे, ही वेगळी विनंती.

आपला स्नेहांकित,
झाडीपट्टीतील एक नट
वडसा (देसाईगंज), जिल्हा गडचिरोली